एक मिनिट पन्नास सेकंद, तेरा महिने

माझी अ‍ॅनिमेशन फिल्म झाली. एका बालचित्रपट महोत्सवात ती दाखवलीही गेली. लांबी १ मिनिट ५० सेकंद. मातीच्या एका बैलाला देव्हाऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत चालवत न्यायला मला जुलै २०२४ ते ऑगस्ट २०२५ एवढा वेळ लागला. मी कराडला एका पतसंस्थेत हिशेबाला आहे. चित्रकलेचं शिक्षण म्हणाल तर शाळेतली एलिमेंटरी परीक्षा, तीही ‘क’ श्रेणीत. सुरुवातीला कुणीतरी हे सगळं ओळीनं सांगायला हवं होतं असं फार वाटायचं, म्हणून लिहून ठेवतेय.

सुरुवात बेंदराची. आईकडे गेलो होतो. कुंभाराकडून आणलेली बैलजोडी पाटावर, पुढ्यात पुरणपोळी. माझ्या धाकट्यानं विचारलं, “आजी, हे रात्री चालतात का गं?” आई म्हणाली, “चालत्यात की. तू झोपल्यावर.” तेवढीच गोष्ट. रात्री बैल पाटावरून उतरतो, बाहेर खऱ्या बैलांची मिरवणूक चाललेली उंबऱ्यातून बघतो आणि पहाटेआधी जागेवर येऊन बसतो. घरी येताना एसटीतच मी ठरवलं की हे अ‍ॅनिमेशन करायचं. अ‍ॅनिमेशन म्हणजे संगणकावर बटण दाबायचं, एवढीच तेव्हा समजूत.

ऑगस्टमध्ये ऑफिसातल्या चिकट चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर फ्लिपबुक केलं. ४८ चिठ्ठ्या, प्रत्येकीवर बैल थोडा पुढे. अंगठ्यानं फर्रकन सोडल्या की चार सेकंदांची फिल्म. सेकंदाला साधारण १२ चित्रं डोळ्यांसमोरून गेली की आपल्याला हालचाल दिसते. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, पण अ‍ॅनिमेशनवाले पुष्कळदा एकच चित्र दोन फ्रेम ठेवतात, म्हणजे काम निम्मं. माझा बैल हलला खरा, पण चालला नाही. बर्फावरून घसरल्यासारखा पुढे गेला.

म्हणून मामाकडे गेले. मामाकडे अजून खिलार जोडी आहे. “मामा, बैल आधी कुठला पाय टाकतो?” मामा बराच वेळ गप्प. मग म्हणाला, “तसं कधी मोजलं न्हाई बघ. पण चुकला की कळतंय.” मी मोबाइलवर बैल चालताना बाजूनं टिपला आणि घरी येऊन एकेक फ्रेम पुढे सरकवत वहीत मांडला. मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा, असा क्रम. मोबाइल सेकंदाला ३० फ्रेम घेतो आणि बैलाचं एक पूर्ण आवर्तन ४० फ्रेममध्ये झालं. माझ्या १२ च्या हिशेबात ते १६ चित्रं, म्हणजे दर चार चित्रांना एक पाय टेकणार. शिवाय चालताना मान वर-खाली होते, वशिंड किंचित मागून डुलतं. घोडा दौडताना चारही पाय जमिनीपासून सुटतात की नाही, याचा निकाल लावायला १८७८ साली एडवर्ड मायब्रिजनं कॅलिफोर्नियात ओळीनं कॅमेरे लावले होते. मला ते फुकटात जमलं. कुठलाही प्रकार निवडा, आधी खरी हालचाल टिपून मोजा. हे मी पहिल्याच आठवड्यात केलं असतं तर चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा वाचला असता.

सप्टेंबरमध्ये कागदावरचं टूडी सुरू केलं. कागद हलू नयेत म्हणून त्यांना भोकं पाडून खुंट्यांवर बसवतात. आमच्याकडे ऑफिसचं दोन भोकांचं पंच होतं. सुतारानं त्या अंतरावर दोन खुंट्या एका पट्टीवर ठोकून दिल्या, वीस रुपये घेतले. काचेच्या टेबलाखाली ९ वॅटचा बल्ब ठेवला की खालचं चित्र वर दिसतं. आधी मुख्य पवित्रे काढायचे, पाय टेकला ते एक, पाय सर्वांत वर गेला ते एक, आणि मग मधली चित्रं भरायची. हालचाल सुरू होताना आणि थांबताना चित्रं जवळजवळ, मध्ये लांब-लांब. हे कळलं त्या दिवशी बैलाला वजन आलं. एवढा आनंद मला बढतीच्या पत्रानंही झाला नव्हता.

पण तीन आठवडे रोज रात्री बसून ९६ चित्रं झाली, म्हणजे आठ सेकंद. तेव्हा फिल्म अडीच मिनिटांची ठरली होती. १५० सेकंद गुणिले १२, १,८०० चित्रं. शिवाय माझी रेघ दर चित्रात वेगळी, त्यामुळे बैल उकळत असल्यासारखा दिसायचा. स्टुडिओत हे काम वाटलेलं असतं. मुख्य चित्रं काढणारा वेगळा, मधली भरणारा वेगळा, रंगवणारे वेगळे. अमेरिकेत अर्ल हर्डनं १९१४ मध्ये सेलच्या, म्हणजे सेल्युलॉइडच्या पारदर्शक तावांच्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला त्यामागेही हीच कटकट होती. पात्र सेलवर काढायचं, मागचा देखावा एकदाच रंगवायचा. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात १९५६ साली डिस्नेतले क्लेअर वीक्स शिकवायला आले आणि अ‍ॅनिमेटर राम मोहन यांच्यासारखी माणसं तिथं तयार झाली, ते वाचताना मला शिकण्यापेक्षा हेवाच जास्त वाटला. माझ्या घरी मुख्य चित्रं काढणारीही मीच, रंगवणारीही मीच, आणि मध्येच उठून कुकर बंद करणारीही मीच.

ऑक्टोबरमध्ये मग कटआऊटकडे वळले. बैलाचं एकच चित्र काढून स्कॅन केलं, पाय, मान, शेपूट, वशिंड असे तुकडे केले आणि फुकटच्या ओपनटून्झ सॉफ्टवेअरमध्ये सांध्यांना जोडले. पहिला आणि शेवटचा पवित्रा आपण द्यायचा, मधलं संगणक भरतो. टीव्हीवरच्या बऱ्याच कार्टून मालिका अशाच होतात आणि त्या दर आठवड्याला कशा काय येतात याचं कोडं मला तेव्हा सुटलं. दहा दिवसांत माझा बैल वीस सेकंद चालला! पण तो कागदीच राहिला. वळायला लागला की संपला, कारण त्याला दुसरी बाजूच नाही.

दिवाळीच्या सुट्टीत कोकणात गेलो होतो, तेव्हा कुडाळजवळच्या पिंगुळीला मुद्दाम वाकडी वाट केली. तिथं ठाकर समाजाची चित्रकथी आणि चामड्याच्या बाहुल्यांची परंपरा आहे. तिथल्याच परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. चामड्याची सपाट बाहुली, सांधे दोऱ्यानं बांधलेले, मागे दिवा, पुढे पडदा. मी महिनाभर जे सॉफ्टवेअरमध्ये करत होते ते तिथं हातानं चाललेलं. फरक एवढाच की त्यांच्या बाहुलीचं वळण त्यांनी पडद्यावर टाळलेलं होतं. बाहुली पडद्यापासून थोडी मागे घेतली की सावली मऊ आणि मोठी होते, मग परत पुढे. सपाट वस्तूला सपाट म्हणूनच वापरायचं. उंबऱ्याबाहेरची मिरवणूक अशी सावल्यांत करायची, हे परतीच्या वाटेवर फोंडा घाटात ठरलं.

नोव्हेंबर-डिसेंबर थ्रीडीत गेला. ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्याचे धडे इतके आहेत की शिकायची सबब उरत नाही. इथं बैल मातीसारखा घडवायचा, मग आत हाडांचा सांगाडा बसवायचा, मग कुठलं हाड कुठली कातडी ओढणार ते रंगवून सांगायचं. यात चूक झाली की गंमत होते. मी पुढचा पाय उचलला तर वशिंड च्युइंगगमसारखं ताणलं गेलं. सहा आठवडे झाले, बैल एक पाऊल चालला नव्हता, नुसता तयार होत होता. थ्रीडीत कष्ट आधी भरायचे असतात. एकदा बैल तयार झाला की तो हवा तेवढा चालेल, पण तोवर हातात काही दिसत नाही.

घात केला तो रेंडरनं. प्रकाश, सावल्या सगळं हिशेबात घेऊन संगणक एकेक फ्रेम रंगवतो. माझ्या ८ जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर एका फ्रेमला चार मिनिटं लागली. १५० सेकंद, सेकंदाला २४, एकूण ३,६०० फ्रेम. १४,४०० मिनिटं. म्हणजे लॅपटॉप सलग दहा दिवस-रात्री चालू, तोही लाइट न जाता. मी आकडेमोड करत बसले होते तेव्हा नवरा शेजारी येऊन बघून म्हणाला, “अगं, बैल मातीचाच आहे ना? मग मातीचाच कर की.”

पाच महिने गेल्यावर हे सांगितलं. असो.

मातीच्या किंवा कुठल्याही वस्तू थोड्या थोड्या हलवून फोटो घ्यायचे, याला स्टॉप मोशन म्हणतात. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी राजा हरिश्चंद्र काढण्याआधी वाटाण्याचं रोप उगवताना फ्रेम-फ्रेमनं टिपलं होतं आणि १९१५ मध्ये आगकाड्या हलवून एक छोटी फिल्मही केली होती. मी आधी सरावाला मुलालाच घेतलं. तो फरशीवर बसलेला, दर फोटोला चार बोटं पुढे सरकायचा. जोडल्यावर तो बसल्या बसल्या खोलीभर फिरताना दिसला. जिवंत माणसं अशी हलवली की त्याला पिक्सिलेशन म्हणतात. खर्च शून्य, वेळ एक रविवार. नवीन माणसानं इथून सुरू करावं, माझ्यासारखं शेवटी इथं येऊ नये.

जानेवारीत बैल घडवले. शाडूचा पहिला बैल दोन तासांत मानेला तडकला. वाळत नाही अशी तेलमाती लागते. अर्धा किलोचं पाकीट १८० रुपयांना, सहा पाकिटं लागली. आत २ मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची तार, दोन पदरी पीळ देऊन. पीळ सैल हवा, घट्ट पिळली की लवकर तुटते. बैल एका पायावर उभा राहायला हवा म्हणून खुरांत बारीक लोहचुंबक बसवले आणि टेबलावर पत्रा टाकून त्यावर शेणमातीचा पातळ हात फिरवला. पत्र्याचे ३५०, चुंबकांचे ४००. तिवई १,४५० आणि दोन एलईडी दिवे २,२००. मोबाइलवरच्या अ‍ॅपची पैसेवाली आवृत्ती घेतली, कारण मागची फ्रेम पुसट दिसत राहते ती सोय आणि फोकस, प्रकाश, रंग तिन्ही कुलूपबंद करायची सोय हवी होती. यातलं एक जरी ‘ऑटो’वर राहिलं तरी चित्र लुकलुकतं. अडीच मिनिटांची फिल्म मात्र इथं छाटली. १ मिनिट ५० सेकंद, १,३२० फ्रेम.

३ फेब्रुवारीला पहिली फ्रेम. खिडकीला काळा कागद चिकटवलेला, पंखा बंद. रात्री साडेदहा ते एक. पहिल्या रात्रीच्या सगळ्या फ्रेम वाया गेल्या आणि कारण सापडायला तीन दिवस लागले. माझा पिवळा कुर्ता. फोटो घेताना मी कधी टेबलाजवळ, कधी लांब, त्यामुळे बैलावर पिवळी झाक कधी असायची, कधी नसायची. त्यानंतर नवऱ्याचा काळा शर्ट हाच गणवेश आणि प्रत्येक फोटोला फरशीवरच्या खडूच्या खुणेवरच उभं राहायचं. फोनला हात न लावता इअरफोनच्या आवाज वाढवायच्या बटणानं फोटो घ्यायचा.

आमच्या धंद्याचा उपयोग इथं झाला. अ‍ॅनिमेशनवाले ज्याला एक्स-शीट म्हणतात ती दुसरं-तिसरं काही नसून रोजकीर्द, म्हणजे रोजच्या नोंदींची हिशेबवही आहे. उभे रकाने आखले, फ्रेम नंबर, चार पाय, मान, शेपूट, दिवा. काय हलवलं ते लगेच नोंदवायचं, मगच फोटो. रात्री बारानंतर डोक्याला काही आठवत नाही, वहीला आठवतं. ज्या दिवशी मी नोंद चुकवली त्या दिवशी तेरीज जुळली नाही, म्हणजे बैलानं एकच पाय दोनदा उचलला.

एका बैठकीत ४० फ्रेम झाल्या तर चांगला दिवस, म्हणजे साडेतीन सेकंदांहून कमी. गणितानं ३३ रात्री, लागल्या ६१. मार्चअखेरीला बारा दिवस कामच बंद होतं. त्या काळात त्या खोलीत कुणी जायचं नाही असा घरात दंडक होता, तो मांजरीला कुणी सांगितला नाही. एका रात्री व्होल्टेज वर-खाली होऊन ३८ फ्रेममध्ये दिवा धडधडला, त्या सगळ्या पुन्हा घेतल्या. एप्रिलमध्ये वेगळंच दुखणं. खोली बंद, पंखा नाही, दिव्यांची धग. तेलमाती लोण्यासारखी होऊन बैलाची मान फोटोगणिक खाली यायची. मग बैलाला पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवायचं आणि दहा-बारा फ्रेम उरकायच्या. जोडीतले दोन असल्यानं पाळ्या लावता आल्या.

चव्वेचाळिसाव्या रात्री उंबऱ्याजवळच्या शॉटमध्ये एका पायाची तार आतल्या आत तुटली. ऐंशी फ्रेमचा शॉट, चौपन्न झालेल्या. बैल उचलून दुरुस्त करावा तर परत तंतोतंत त्याच जागी बसणार नाही. मी टाचणी टोचून पाय तात्पुरता पक्का केला आणि तसाच पुढे नेला. बघताना कळत नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

१८ मे रोजी शेवटची फ्रेम. यात आधीचं काही फुकट गेलं नाही. कागदावरची ती ९६ चित्रं भिंतीवरच्या कॅलेंडरमधला बैल म्हणून घेतली, तिथं उकळणारी रेघ उलट शोभली. मिरवणूक पुठ्ठ्याच्या सावल्यांची. दिवा लावणारा आईचा हात व्हिडिओ घेऊन त्यावरून ३६ चित्रांत गिरवला, त्याला रोटोस्कोप म्हणतात. ब्लेंडरचं फक्त शिक्षण उरलं.

जूनमध्ये आवाज. घुंगरं आमचीच होती. खुरांचा आवाज नारळाच्या करवंट्यांचा असतो हे ऐकलं होतं, पण मातीच्या बैलाला तो मोठा वाटला. शेवटी दोन पणत्या उलट्या करून वाजवल्या. हलगी मात्र खऱ्या वादकाकडून, हजार रुपये देऊन. महोत्सवांच्या अर्जात आवाजाचे हक्क तुमच्याकडे असल्याचं लिहून द्यावं लागतं, म्हणून त्यांच्याशी साधा करार केला. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचा स्टॅम्प चालत नाही, ५०० चा लागला, वर नोटरीचे २००. वादक हसून म्हणाले, “ताई, माझ्या हलगीपेक्षा कागदच महाग झाला की.” यूट्यूबवरचं कुठलंही गाणं फिल्मखाली टाकू नका. सगळं झाल्यावर ते काढावं लागतं आणि फिल्मची लय त्याच्याभोवती बांधलेली असते.

जुलै-ऑगस्ट कागदपत्रांत गेला आणि खरं सांगायचं तर मला तो मजेत गेला. थिएटरसाठी डीसीपी नावाची प्रत लागते. डीसीपी-ओ-मॅटिक या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये ती घरी होते. माझी प्रत्येक फ्रेम दोनदा घेऊन २४ चा हिशेब बसवला. इंग्रजी सबटायटलची वेगळी फाइल, तीन स्थिरचित्रं, पन्नास शब्दांत कथा, परत शंभर शब्दांत तीच कथा. परदेशातल्या एका महोत्सवाचे १५ डॉलर भरताना कार्ड तीनदा नाकारलं गेलं. कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, बँकेच्या अ‍ॅपमधून सुरू करावे लागतात. बँकेशी रोज संबंध असून हे मला माहीत नव्हतं. एका अर्जात ‘प्रमुख कलाकार’ हा रकाना रिकामा सोडता येईना. ‘लागू नाही’ लिहिलं तर तिकडून मेल आली की कलाकाराचं संमतिपत्र जोडा. मी बैलाचा फोटो पाठवला. त्यावर उत्तर आलं नाही.

एकूण चार ठिकाणी अर्ज. दोन नकार, एक मौन, एक होकार. सेन्सॉरचं प्रमाणपत्र नाही याची मला धास्ती होती. पण महोत्सवापुरती सूट आयोजक माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडून मिळवतात. आपण लांबी, भाषा आणि सारांश वेळेत पाठवायचा. व्यावसायिक खेळ लावायचा असेल तर मात्र प्रमाणपत्र लागतंच. हार्ड डिस्कसकट, प्रवेशशुल्कासकट सगळा खर्च चौदा हजारांच्या आत बसला, त्यातली डिस्कच ४,३०० ची. कामाच्या तीन प्रती ठेवा, निदान एक दुसऱ्याच्या घरी.

डिसेंबरात सकाळी अकराचा खेळ होता. दोनएकशे मुलं, त्यातली निम्मी खाऊत. आमची फिल्म सहावी. पोटात गोळा. बैल पाटावरून उतरला तेव्हा पुढच्या रांगेतलं एक पोर उठून उभं राहिलं, शिक्षकांनी त्याला खाली बसवलं. पुढचं मला नीट आठवत नाही, मी पडद्याऐवजी पोरांकडंच बघत होते.

मामाला येता आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी गोठ्यात बसून त्याला मोबाइलवर दाखवली. त्यानं चष्मा लावून, फोन लांब धरून, पूर्ण बघितली. मग परत लावायला सांगितली. उंबऱ्याजवळचा शॉट आला तसं त्यानं बोट ठेवलं.

“हितं मागचा डावा दुखावलाय गं ह्याचा,” मामा म्हणाला. “काय रुतलंय का?”

“टाचणी,” मी म्हटलं.